एकत्र काम, एकत्र विरंगुळा : कामाच्या ठिकाणचे स्वास्थ्य आणि संघभावना

तापी नदीच्या काठी वसलेले बऱ्हाणपूर हे शहर शेकडो वर्षांपासून विणकरांचे शहर म्हणून ओळखले जाते. मोगल अमदानीत ते खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते. सतराव्या शतकात येथे येऊन गेलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने येथील तलम कापड इराण, तुर्कस्थान, पोलंड व कैरोपर्यंत जात असल्याची नोंद करून ठेवली आहे. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली आणि शहरातील हजारो कुटुंबांचा चरितार्थ यंत्रमागावर चालू लागला. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाडमधून वेगळा झालेला हा जिल्हा जळगाव, बुलढाणा व अमरावती या महाराष्ट्रातील तीन जिल्ह्यांना लागून आहे. साहजिकच मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती आणि निमाडी बोलणारी माणसे येथे एकाच छपराखाली काम करताना दिसतात.

विणकाम हा एकट्याचा धंदा नव्हे. ताणा तयार करणारा, सुताला खळ लावणारा, कांड्या भरणारा, माग चालविणारा, बिघडलेला माग दुरुस्त करणारा जॉबर आणि अखेरीस कापड तपासून घड्या घालणारा अशा अनेक हातांतून कापडाचा एक ठाण बाहेर पडतो. असे असूनही एका मागशाळेत काम करणारी माणसे एकमेकांना खऱ्या अर्थाने ओळखतात असे मात्र नेहमी आढळत नाही. मागांचा गोंगाट इतका असतो की, शेजारच्या माणसाशी बोलावयाचे तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते. मजुरी कापडाच्या मापावर ठरत असल्याने प्रत्येकाचे लक्ष स्वतःच्या मागावर खिळलेले असते. पाळी संपली की थकलेला कामगार थेट घरची वाट धरतो. कचेऱ्यांतील व शाळांतील परिस्थितीही, गोंगाट वगळला तर, फारशी वेगळी नाही. वर्षानुवर्षे शेजारच्या मेजावर बसणाऱ्या सहकाऱ्याच्या घरी काय चालले आहे याची गंधवार्ता नसलेले कर्मचारी कोणत्याही कार्यालयात सापडतील.

या परिस्थितीचा कामावर आणि माणसाच्या मनःस्वास्थ्यावर काय परिणाम होतो, संघभावना वाढविणाऱ्या उपक्रमांनी त्यात काय फरक पडू शकतो आणि कशाने पडत नाही, याचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

संघभावना कशासाठी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. नैराश्य व चिंता या दोन विकारांमुळे जगभरात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात आणि त्यामुळे होणारे नुकसान सुमारे एक लाख कोटी डॉलर असते, असा या संघटनेचा अंदाज आहे. अतिश्रम, अनिश्चित रोजगार, वरिष्ठांची अवहेलना आणि एकटेपणा ही त्यामागील कारणे कामाच्या ठिकाणीच निर्माण होतात, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

ज्या ठिकाणी माणसांचा एकमेकांवर विश्वास असतो, तेथे अडचण वेळीच बोलून दाखविली जाते. नव्याने आलेला कामगार यंत्राजवळ हात नेताना चुकत असेल, तर त्याला हटकणारा कोणीतरी असतो. चूक झाल्यास ती झाकून ठेवण्यापेक्षा सांगून टाकणे सोपे वाटते. एखाद्याचे मन थाऱ्यावर नसेल, तर ते प्रथम सोबत्यांच्याच ध्यानात येते. म्हणजेच, संघभावना ही केवळ खेळीमेळीची बाब नसून अपघात टाळण्याची आणि आजार वेळेवर ओळखण्याची एक व्यवस्थाही आहे.

कामगार कल्याणाची जुनी वाट

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३९ साली तत्कालीन मुंबई प्रांताच्या शासनाने कामगार वस्त्यांत कल्याण केंद्रे सुरू केली. पुढे १९५३ चा मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियम संमत झाला. कामगारांकडून वसूल झालेल्या दंडाच्या रकमा, मागणी न झालेले वेतन आणि कामगार, मालक व शासन यांच्या वर्गण्या यांतून उभा राहिलेला निधी कामगारांच्याच कल्याणासाठी खर्च व्हावा, अशी त्यामागील योजना होती. या अधिनियमाखालील मंडळाने वाचनालये, व्यायामशाळा व शिवणवर्ग यांबरोबरच नाट्यस्पर्धा, भजनस्पर्धा व क्रीडास्पर्धा यांची परंपरा निर्माण केली. साळखात्यातील कामगार आणि कातणखात्यातील कामगार एकाच नाटकाच्या तालमीला बसू लागले. दिवसभर ज्याचे आदेश ऐकावयाचे तो मुकादम सायंकाळी तालमीत आपल्याच हाताखालच्या माणसाकडून संवादफेक शिकत आहे, असे चित्र त्यातून शक्य झाले. मध्यप्रदेशातही १९८२ च्या श्रम कल्याण निधी अधिनियमाने याच धर्तीची व्यवस्था केली.

कायद्याने सोयींची किमान मर्यादाही आखून दिली होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार २५० पेक्षा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृह, १५० पेक्षा अधिक कामगार असल्यास विश्रांतिकक्ष व भोजनकक्ष आणि ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असल्यास कल्याण अधिकारी यांची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. तथापि, दहा-वीस माणसांच्या मागशाळेला जुने आकडे कधी लागू पडले नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मोठ्या गिरणीतील कामगाराला जे कायद्याने मिळाले, ते लहान मागशाळेतील कामगाराला परस्परांच्या सहकार्यानेच मिळवावे लागते.

बऱ्हाणपुरात १९०६ साली स्थापन झालेली ताप्ती मिल हे याचे बोलके उदाहरण आहे. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणानंतर ही गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि मार्च २०२० मधील टाळेबंदीत तिची यंत्रे थांबली. गिरणी थांबते तेव्हा वेतन बंद होते हे सर्वांना दिसते. त्याबरोबर पाळीचे सोबती, डबा उघडण्याची ठरलेली जागा आणि सुखदुःख सांगण्याचा हक्काचा कट्टाही नाहीसा होतो, हे मात्र सहसा कोणी हिशोबात धरीत नाही. एकत्र काम करणे हा स्वास्थ्याचा केवढा मोठा आधार आहे, हे तो आधार सुटल्यावरच उमगते.

अमदावादचा धडा

संघभावनेचा प्रश्न केवळ खेळ व सहली यांचा नाही, हे दाखवून देणारा एक प्रयोग १९५३ साली अमदावादच्या कॅलिको मिलमध्ये झाला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक ए. के. राइस यांनी तेथील स्वयंचलित मागांच्या विभागाचा अभ्यास केला. नवीन यंत्रे आली असूनही अपेक्षेप्रमाणे उत्पादन वाढत नव्हते आणि सदोष कापडाचे प्रमाणही अधिक होते. राइस यांना असे आढळून आले की, २२४ मागांच्या या विभागात कामाचे बारीक तुकडे पाडून ते निरनिराळ्या माणसांना वाटण्यात आले होते. कोणी फक्त माग पाहावा, कोणी फक्त कांड्या भराव्यात, कोणी फक्त तेल घालावे. प्रत्येकाला अनेकांचे काम करावे लागे, पण कोणीच कोणाचा सोबती नव्हता. तुटलेल्या ताण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे सांगणे अवघड होते.

राइस यांनी सुचविलेला उपाय साधा होता. ठरावीक मागांचा एक संच एका लहान गटाकडे सोपवावा आणि त्या संचाची सर्व जबाबदारी त्या गटाने मिळून घ्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ही कल्पना कामगारांनी इतक्या आपुलकीने उचलून धरली की, आपल्या गटात कोण असावे हे त्यांनी आपसांत बोलून स्वतःच ठरविले. आरंभी काही काळ अडचणी आल्या आणि कापडातील दोषही वाढले. कामाची घडी नीट बसल्यावर मात्र उत्पादन वाढले आणि सदोष कापडाचे प्रमाण घटले. पुढे १९७० च्या सुमारास एरिक मिलर यांनी या गिरणीचा पुन्हा अभ्यास केला. तेव्हा काही ठिकाणी गटपद्धती टिकून राहिल्याचे, तर काही ठिकाणी ती मागे पडून जुनी पद्धत परत आल्याचे त्यांना दिसले.

या प्रयोगात ना सहल होती, ना स्पर्धा. कामाची मांडणी बदलली आणि त्यातून सोबत निर्माण झाली. मिलर यांच्या अभ्यासातून दुसरा बोधही मिळतो. गट एकदा बांधला म्हणजे काम संपले असे होत नाही. व्यवस्थापनाने लक्ष काढून घेतले की, चांगला पायंडाही विसरला जातो.

मध्यप्रदेशातील प्रयत्न : अल्पविराम आणि आनंद उत्सव

मध्यप्रदेश शासनाने २०१६ साली आनंद विभागाची स्थापना केली. असा स्वतंत्र विभाग स्थापन करणारे हे देशातील पहिले राज्य होय. राज्य आनंद संस्थानामार्फत राबविण्यात आलेल्या उपक्रमांपैकी दोन उपक्रम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला उपक्रम ‘अल्पविराम’ या नावाने ओळखला जातो. शासकीय कर्मचाऱ्यांनी कामाच्या धावपळीतून थोडा वेळ शांत बसावे आणि स्वतःच्या वागण्याचा विचार करावा, अशी त्याची कल्पना आहे. यातील ‘जीवनाचा लेखाजोखा’ या भागात चार प्रश्न विचारले जातात. मला कोणी मदत केली? मी कोणाला मदत केली? मला कोणी दुखविले? मी कोणाला दुखविले? उत्तरे प्रत्येकाने स्वतःपुरती लिहावयाची असतात. ज्याची इच्छा असेल त्यानेच ती इतरांना सांगावी, असा संकेत आहे. हे कार्य करणाऱ्या सहयोगींच्या प्रशिक्षणासाठी सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथील ‘इनिशिएटिव्हज ऑफ चेंज’ या संस्थेचेही साहाय्य घेण्यात आले.

दुसरा उपक्रम म्हणजे जानेवारी महिन्यात, संक्रांतीच्या सुमारास गावोगावी होणारा ‘आनंद उत्सव’. काही ग्रामपंचायतींचा मिळून एक समूह करून तेथे कबड्डी, खो-खो, दोरखेच, पोत्यांची शर्यत व लिंबू-चमचा यांसारखे खेळ तसेच लोकगीते व लोकनृत्ये यांचे कार्यक्रम घेतले जातात. जिंकण्यापेक्षा सहभागाला महत्त्व द्यावे आणि स्त्रिया, वृद्ध व अपंग यांनाही मैदानात उतरता यावे, हा त्याचा विशेष होय. एरवी अर्ज घेऊन मेजापलीकडे उभा राहणारा ग्रामस्थ आणि अर्ज घेणारा कर्मचारी एकाच दोराला धरून जोर लावतात, तेव्हा त्यांच्यातील अंतर थोडे तरी कमी होते.

प्रत्यक्ष कामातून बांधला जाणारा संघ

तरीही संघभावनेची पक्की बांधणी होते ती एखादे अवघड काम मिळून पार पाडल्याने. बऱ्हाणपूर जिल्ह्यात याचे अलीकडचे उदाहरण पाहावयास मिळते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन सुरू झाले, तेव्हा जिल्ह्यातील ग्रामीण भागात केवळ ३७,२४१ कुटुंबांकडे नळजोडणी होती. जुलै २०२२ मध्ये सर्व २५४ गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून आपल्या गावात प्रत्येक घरी नळाचे पाणी पोहोचल्याचे प्रमाणित केले आणि १,०१,९०५ कुटुंबांच्या या जिल्ह्याला देशातील पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा होण्याचा मान मिळाला. मधली दोन वर्षे महासाथीची होती, हे येथे विसरता येणार नाही.

या कामात प्रत्येक गावी पाणी समिती होती. अभियंता, ग्रामपंचायतीचे पदाधिकारी, शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि ग्रामस्थ यांना आपापल्या वाट्याचे काम करावे लागले. उद्दिष्ट सर्वांना दिसणारे होते. घरात नळ आला की नाही, हे कोणालाही डोळ्यांनी पाहता येत होते. अखेरचा निर्णय कागदावर न होता गावाच्या सभेत झाला. स्पष्ट उद्दिष्ट, वाटून घेतलेली जबाबदारी आणि चारचौघांत मिळालेली पावती या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे संघ आपोआप उभा राहतो.

उपक्रमांची मर्यादा

संघभावनेच्या नावाखाली काय करू नये, हेही सांगणे आवश्यक आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक विल्यम फ्लेमिंग यांचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवर तो आधारलेला आहे. ताणतणावाचे व्यवस्थापन, मनाची कणखरता वाढविणे, ध्यानधारणा इत्यादी उपक्रमांत भाग घेतलेल्या कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य भाग न घेतलेल्या कर्मचाऱ्यांपेक्षा चांगले असल्याचे त्यात दिसून आले नाही. समाजोपयोगी कामात स्वेच्छेने भाग घेण्याची संधी हा तेवढा अपवाद होता. एका वेळच्या पाहणीवरून अंतिम निष्कर्ष काढणे योग्य नसले, तरी तिच्यातील इशारा स्पष्ट आहे. कामाचा बोजा, वेळापत्रक व वागणूक तशीच ठेवून कर्मचाऱ्याला केवळ शांत राहण्यास शिकविल्याने त्याचे स्वास्थ्य सुधारत नाही.

बारा तास उभे राहून माग चालविणाऱ्या कामगाराला प्रथम वेळेवर मजुरी, प्यावयास स्वच्छ पाणी, स्वच्छतागृह, पुरेशी विश्रांती आणि गोंगाटापासून कानांचे संरक्षण हवे असते. या गोष्टी न देता वर्षातून एकदा दोरखेच घेतल्यास तो खेळ त्याला थट्टा वाटेल. कचेरीतील लिपिकाला सुटीच्या दिवशी सक्तीने सहलीस बोलाविले, तर त्यालाही तो जादा कामाचाच एक प्रकार वाटतो. उपक्रम हे न्याय्य वागणुकीला पूरक असतात. ते तिची जागा घेऊ शकत नाहीत.

काय करता येईल?

ही मर्यादा ओळखून, फारसा खर्च न करता पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे.

मागशाळांत पाळी बदलताना दहा मिनिटे माग थांबवून जाणाऱ्या व येणाऱ्या कामगारांनी एकत्र उभे राहावे. कोणता माग त्रास देत आहे, कोठे तार तुटत आहेत आणि कोण आजारी आहे, एवढे तरी बोलावे. या वेळेची मजुरी कापली जाऊ नये. नव्या कामगाराला पहिला महिनाभर एका अनुभवी कामगाराची जोड द्यावी आणि शिकविण्याबद्दल त्या अनुभवी माणसाचे नुकसान होणार नाही, अशी मजुरीची व्यवस्था करावी. एकेका मागशाळेला विश्रांतिकक्ष परवडत नसेल, तर शेजारच्या चार-पाच मालकांनी मिळून एक खोली ठेवणे शक्य आहे.

कार्यालयांत आठवड्यातून एकदा सर्व कर्मचाऱ्यांनी एकत्र डबा खावा. त्यात अधिकारी आणि शिपाई असा भेद नसावा. बदलून आलेल्या कर्मचाऱ्याची सर्वांशी ओळख करून देणे आणि बदलून जाणाऱ्याने आपले अनुभव सांगणे, ही प्रथा पाडावी. खेळ ठेवावयाचे झाल्यास ते शक्यतो कामाच्या वेळेत ठेवावेत. घरची जबाबदारी असलेल्या स्त्री कर्मचाऱ्यांना सायंकाळचे कार्यक्रम गैरसोयीचे होतात, हे आयोजकांनी विसरू नये.

शाळांत शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या तासाला बसावे आणि नंतर त्यावर मोकळेपणाने बोलावे. त्याचा उपयोग तपासणीसाठी करण्यात येऊ नये, अन्यथा बोलणे बंद होईल. नाटक, समूहगान वा शाळेची बाग यांसारख्या एखाद्या कामात शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी दोघांनाही समान स्थान असावे.

गावांत केळीची काढणी, विहिरीतील गाळ उपसणे वा रस्त्याची दुरुस्ती यांसाठी टोळीने काम करण्याची पद्धत आहेच. काम आटोपल्यावर एकत्र भाकरी खाण्याची जुनी चाल जेथे मोडली असेल, तेथे ती पुन्हा सुरू करणे हाही एक उपक्रमच होय.

उपक्रम निवडताना तीन पथ्ये पाळावीत. एक, भाग घेणे ऐच्छिक असावे आणि न घेणाऱ्याच्या नावापुढे खूण केली जाऊ नये. दोन, बऱ्हाणपूरसारख्या अनेक भाषा व धर्म नांदणाऱ्या गावी सर्वांना आपलेसे वाटतील असेच खेळ व कार्यक्रम घ्यावेत. शारीरिक खेळांत वय व प्रकृती यांचा विचार व्हावा. तीन, काय करावयाचे हे वरून ठरवून न पाठविता प्रथम माणसांना विचारावे. अमदावादच्या कामगारांनी आपले सोबती स्वतः निवडले, म्हणूनच ते गट त्यांना आपले वाटले.

संघभावना मोजण्यासाठी मोठ्या तक्त्यांची आवश्यकता नाही. एखादा कामगार वा कर्मचारी दोन दिवस कामावर आला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याची चौकशी करण्यास कोणी त्याच्या घरी जाते काय, एवढे पाहिले तरी पुरे. जेथे कोणीतरी जाते, तेथील मागशाळा, कचेरी वा शाळा योग्य मार्गावर आहे असे समजावे. जेथे कोणी जात नाही, तेथे पुढच्या उपक्रमाचा आरंभ याच चौकशीपासून करावा.